दिवेलागणीची पांढरी पाखरं

“अगं, दिवेलागणीची वेळ झाली आणि तू कुठं निघालीस?”

सासूबाईंचा हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मी किती वेळा ऐकला असेल, त्याची मोजदाद नाही. प्रश्न चुकीचा आहे असंही म्हणवत नाही. ही वेळ म्हणजे घरात कशी असते ते तुम्हांला का मी सांगायला हवं? देवापाशी दिवा लावायचा, धाकटीची शुभंकरोती, थोरल्याचा गृहपाठ, गॅसवर दूध, ओट्यावर निवडायची मेथी, आणि नेमकं तेव्हाच दाराशी कुणीतरी ‘आहात का घरात?’ म्हणून हजर! अशा वेळी घरच्या बाईनं खांद्याला कॅमेरा अडकवून तळ्यावर जायचं म्हणजे जरा अतीच.

पण माझा नाइलाज आहे. मला छंद लागला आहे तो पांढऱ्या पाणपक्ष्यांचे थव्याथव्यानं फोटो काढायचा, आणि त्याला लागणारा उजेड मिळतो तो फक्त दिवेलागणीच्या आधीचा अर्धा-पाऊण तास. दुपारी बाराला जमलं असतं तर कुणाचा रोष कशाला ओढवून घेतला असता? तेही करून पाहिलं. भर दुपारचे बगळे फोटोत दिसतात ते दोरीवर वाळत घातलेल्या रुमालांसारखे. पांढरे खरे, पण त्यांना ना पीस, ना मान, ना गोलाई.

हे पांढरे पाहुणे कोण?

आम्ही राहतो निफाड तालुक्यात. द्राक्षांचे मळे, ऊस, कालव्याचं पाणी, त्यामुळे पाणपक्ष्यांना तोटा नाही. लहानपणी डोक्यावरून बगळ्यांची रांग गेली, की आम्ही मुली बोटांची नखं एकमेकांवर घासून त्यांच्याकडे कवडी मागायचो, आणि नखावर पांढरा ठिपका दिसला की बगळ्यानं कवडी दिली म्हणून नाचायचो. तेव्हा पांढरा तो बगळा, एवढंच ठाऊक. कॅमेरा हातात आल्यावर कळलं, की ‘बगळा’ या एका नावाखाली आपण अख्खं गोत घालत होतो.

नांगराच्या मागे, गाईम्हशींच्या पायांत घोटाळतो तो गायबगळा. त्याची चोच पिवळी, आणि विणीच्या दिवसांत डोकं, मान नि पाठ केशरट होतात. छोट्या बगळ्याची चोच आणि पाय काळे, पण पंजे मात्र पिवळे. काळ्या मोज्यांवर पिवळे बूट घातल्यासारखे! मोठा बगळा सर्वांत उंच, त्याची मान मध्येच मोडल्यासारखी वळलेली असते. याशिवाय काळं उघडं डोकं आणि कोयत्यासारखी वाकडी चोच असलेला पांढरा शराटी, आणि उलथन्यासारखी पसरट चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालणारा चमचा. उडताना यांना ओळखायची सोपी खूण अशी, की बगळे मान आखडून उडतात. शराटी आणि चमचे मान ताठ पुढे काढून.

आमच्या गावाबाहेरच्या पाझर तलावावर चार-पाच जुन्या बाभळी आहेत. दिवसभर रानोमाळ हिंडलेले गायबगळे संध्याकाळी तिथं मुक्कामाला येतात. चमचे पाहायचे तर आम्ही हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला जातो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ 1907 ते 1913 या काळात तिथं बंधारा बांधला गेला. मागे गाळ साचत गेला, उथळ पाणी, बेटं नि पाणवनस्पती तयार झाल्या, आणि पाखरांना हवं होतं ते आपोआप मिळालं. 1986 मध्ये तिथं अभयारण्य झालं, आणि 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ क्षेत्र म्हणून ते जाहीर झालं.

दूध आणि मीठ

पहिले दोन महिने माझे फोटो पाहून घरात हसू व्हायचं. ‘हे’ म्हणाले, “फळ्यावर खडू आपटलेला दिसतोय.” शाळेत अर्धवेळ शिकवते, म्हणून हा टोमणा! पण वर्णन अचूक होतं. काळ्या बाभळीवर पांढरे डाग. पिसांचा मागमूस नाही.

त्याचं कारण असं. कॅमेऱ्याच्या पोटातला प्रकाशमापक समोरचं सगळं दृश्य मिळून मध्यम करड्या रंगाचं असणार, असं धरून चालतो. संध्याकाळची गर्द बाभूळ दिसली, की त्याला वाटतं, फारच अंधार आहे. उजेड वाढवायला हवा. तो वाढवतो, बाभूळ उजळते, आणि बिचारे बगळे आधीच पांढरे, ते उतू जातात. एकदा उतू गेलेलं दूध जसं पुन्हा पातेल्यात भरता येत नाही, तसं फोटोत पांढऱ्यातलं हरवलेलं पीस मागाहून काही केल्या परत येत नाही. उलट फोटो थोडा काळोखा आला, तर नंतर उजळता येतो. मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं. जास्त झालं की आमटी गेली. म्हणून या फोटोंत हात आखडताच ठेवायचा.

मोबाइलवर हे अगदी सोपं आहे. पडद्यावर बगळ्यावरच बोट टेकवायचं. बहुतेक मोबाइलमध्ये तिथं सूर्याची छोटी खूण येते, ती थोडी खाली ओढायची. बाभूळ काळोखी झाली तरी चालेल, पण पंखाची कड दिसली पाहिजे. कॅमेरा असेल तर त्यात अधिक-उण्याची सोय असते. ती उणे एकच्या आसपास ठेवून पाहावी. मात्र पाखरं उजळ आभाळावर उडत असतील, तर गणित उलटं होतं. आभाळाच्या लखलखाटानं कॅमेरा बिचकतो, दृश्य अंधारतो आणि बगळे धुरकट दिसतात. तेव्हा उण्याकडून अधिककडे यायचं. पाठीमागे काय आहे ते आधी पाहायचं, मग पाखराकडे.

आता नीळ. पिवळट पडलेल्या धोतराला आपण नीळ देतो ना, तशी कॅमेराही देतो! रंगाची जुळणी ‘ऑटो’वर असली, की संध्याकाळच्या सोनेरी उजेडाला तो दोष समजतो, आणि निळसर झाक घालून बगळे पुन्हा पांढरे करू पाहतो. म्हणजे ज्या उजेडासाठी आपण घरची बोलणी खाल्ली, तोच धुऊन टाकतो. यावर उपाय म्हणजे ही जुळणी ‘सूर्यप्रकाश’ किंवा ‘ढगाळ’ यावर ठेवायची. हळदीच्या हाताचा पुसट रंग लागावा, तसे बगळे दिसतात.

उजेड कुठून घ्यावा?

सूर्य खाली गेला की त्याच्या किरणांना हवेच्या जाड थरातून यावं लागतं. वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो आणि पिवळा-तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. शिवाय उजेड आडवा येतो, त्यामुळे पिसापिसाची सावली शेजारच्या पिसावर पडते. म्हणून तर पांढऱ्याला अंग येतं. सूर्य आपल्या पाठीशी असला तर पाखरं लख्ख दिसतात, कुशीला असला तर पिसं मोजता येतात, आणि समोर असला तर पंखांच्या कडा दिव्याच्या वातीसारख्या पेटतात. शिकाऊ हातानं आधी पाठीशी, मग कुशीला, आणि हात बसल्यावर समोर, असं जावं.

वारा कुठून येतो तेही बघावं. पाखरं बहुधा वाऱ्याकडे तोंड करून बसतात आणि वाऱ्याच्या दिशेनंच उठतात. सूर्यही पाठीशी आणि वाराही पाठीशी, अशी संध्याकाळ मिळाली तर पदर झोडत का होईना, तिथंच बसावं. सगळा थवा तुमच्याकडे तोंड करून असेल.

आमच्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास. त्याच्या तासभर आधी जागेवर जाऊन बसायचं. पाखरांच्या मागून जायचं नाही, त्यांच्या आधी जायचं. आपण आधीपासून गप्प बसलेलो असलो, की ती आपल्याला धोंडा समजून निवांत उतरतात.

थव्याचाच फोटो का?

एकट्या बगळ्याचा डोळा टिपायचा तर लांब पल्ल्याची महागडी भिंग लागते. थव्याला ती लागत नाही. झाड, पाणी, आभाळ आणि त्यांत पाखरं, असं सारं मिळून चित्र होतं. आपल्यासारखीच्या मोबाइललाही ते पेलतं. मला आता भाऊजींनी त्यांचा जुना झूमचा कॅमेरा वापरायला दिला आहे, पण माझे चांगले फोटो अजूनही लांबूनच काढलेले आहेत.

थव्यात मात्र एक पथ्य. गर्दी म्हणजे थवा नव्हे. हळदीकुंकवाच्या दिवशी बायका खेटून बसल्या की कुणाचंच लुगडं दिसत नाही, तसं होतं. दोन पाखरांत बोटभर आभाळ दिसेल, एकाची चोच दुसऱ्याच्या पोटात शिरलेली नसेल, असा क्षण यावा लागतो. तो आपण आणायचा नसतो. त्याची वाट पाहायची असते. नांदूरला उथळ पाण्यात चमच्यांचा एक घोळका चोची पंखांत खुपसून, एका पायावर झोपला होता. पाऊण तास काही घडेना. मग कुणी एकानं मान वर काढली, शेजाऱ्यानं अंग झाडलं आणि तेवढ्यात पुरतं सगळ्यांमध्ये अंतर पडलं. तेवढा एकच फोटो त्या दिवशीचा.

आकड्यांत सांगायचं तर, बसलेल्या पाखरांना सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो. उडणारी स्पष्ट हवी असतील तर हजारावा भाग हवा. सूर्य बुडाला की एवढा उजेड उरत नाही. मग उडणाऱ्यांचा नाद सोडावा, कोपर गुडघ्यावर टेकवून बसलेल्यांचे फोटो काढावेत. फ्लॅश तर कधीच वापरू नये.

माझी चूक

आता जे सांगायचं आहे ते सांगायला जड जातं, पण सांगते.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. तलावावरच्या बाभळी बगळ्यांनी पांढऱ्या झाल्या होत्या. माझे बसलेल्यांचे पुष्कळ फोटो झाले होते. मला हवा होता एकदम उठणारा थवा. लोकांचे तसे फोटो पाहून मनात भरलं होतं. सूर्य तर बुडत चाललेला. शेजारी गुरं घेऊन आलेला एक पोरगा उभा होता. मी त्याला म्हटलं, “बाळ, जरा टाळ्या वाजव रे.” त्यानं टाळ्या वाजवल्या, वर हौसेनं एक ढेकूळही भिरकावलं.

सगळं झाड उठलं. मी बटण दाबत राहिले. दहा-पंधरा सेकंद वाटलं, काय बहार आहे! मग ध्यानात आलं, की ती परत बसत नाहीत. एक चक्कर, दुसरी चक्कर. काही बसू पाहात, पुन्हा उठत. अंधार दाटत चालला होता. शेवटी निम्मी बाभळीवर उतरली, उरलेली ओढ्याच्या दिशेनं दिसेनाशी झाली. दिवसभर हिंडून पोटात साठवलेली शक्ती रात्रीच्या थंडीसाठी असते, आणि थंडी तर आमच्या निफाडची! ती त्यांनी माझ्या हौसेसाठी खर्च केली.

फोटोंत काय आलं? पांढरे ओरखडे. उजेडच नव्हता, स्पष्ट यायचं कसं?

घरी येऊन हिरमुसले होऊन सांगितलं. मला वाटलं, सासूबाई म्हणतील, ‘म्हणून सांगत होते, तिन्हीसांजेला जाऊ नको.’ त्या तसं म्हणाल्या नाहीत. हातातली फुलवात तशीच ठेवून म्हणाल्या, “अगं, दिवेलागणीला कुणाच्या घरात असं शिरावं का?”

मला बोलता आलं नाही. ज्या वेळी आपल्या दारात कुणी आलेलं आपल्याला नको वाटतं, त्याच वेळी मी दुसऱ्यांच्या घरावर ढेकूळ मारवलं होतं. पुढचे तीन-चार दिवस बाभळींवर बगळे कमीच दिसले. नंतर हळूहळू वाढले. पण मी तेव्हापासून ठरवलं, की थवा उठलाच तर आपल्या मनानं उठेल. आपल्यामुळे एकानं जरी मान ताठ करून पाहिलं, तरी तिथंच थांबायचं. आणि पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत, घरट्यांच्या झाडाजवळ जायचंच नाही.

पिसांची जुनी हौस

या हौसेचा इतिहास वाचला तेव्हा आणखी अपराधी वाटलं. विणीच्या दिवसांत बगळ्यांच्या पाठीवर जाळीदार, रेशमासारखी तुरेदार पिसं येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला युरोप-अमेरिकेतल्या बायकांच्या टोप्यांवर ही पिसं खोवायची फॅशन होती. पिसं विणीच्याच काळात येत, म्हणून पाखरंही तेव्हाच मारत, आणि पिल्लं घरट्यात उपाशी मरत. हिंदुस्थानातूनही पिसं परदेशी जात. 1902 मध्ये सरकारनं त्या निर्यातीवर बंदी घातली.

पण ही चाल मोडली तीही बायकांनीच. इंग्लंडात मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन या बाईंनी 1889 मध्ये मैत्रिणी जमवून, पिसं न वापरण्याची शपथ घेणारी संस्था काढली. तीच पुढे तिथली पक्षिसंरक्षणाची सर्वांत मोठी संस्था झाली. अमेरिकेत बोस्टनला 1896 मध्ये हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या दोघींनी चहाला बोलावून बोलावून बायकांना हेच पटवलं. 1921 मध्ये ब्रिटननं पिसांच्या आयातीवर बंदीचा कायदा केला. चहाच्या टेबलावरून केवढं काम झालं पाहा!

आपण फोटो काढतो म्हणजे तेच पीस, पाखराला न दुखवता, घरी आणतो. मग न दुखवता हे शब्द पाळायला नकोत का?

जायचं असेल तर

मैत्रिणींनो, तुमच्या गावीही तळं, नदीचा डोह, खाडी किंवा भाताचं खाचर असेलच. आधी दोन-तीन संध्याकाळी कॅमेरा न घेता जाऊन या. पाखरं कुठून येतात, कुठल्या झाडावर उतरतात, ते पाहून ठेवा. कपडे मातकट किंवा हिरवट असावेत, भडक नकोत. सोबतीला कुणीतरी असू द्या, विजेरी घ्या, काठावर पाय बघून टाका. अभयारण्यात गेलात तर तिथली वेळ पाळा. आणि घरी सांगितलेली वेळही पाळा. नाहीतर पुढच्या खेपेला परवानगी नाही!

आमच्या घरी आता तह झाला आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी मी तळ्यावर. त्या दिवशी कुकर ‘हे’ लावतात (शिट्ट्या मोजायला अजून चुकतात), आणि दिवा सासूबाई. एकदा त्यांनाही स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले. चटईवर बसून त्या बाभळींकडे पाहात होत्या. सगळे बगळे बसल्यावर उशिरा एक आला. या फांदीवर गेला, चोचा मारून हाकलला गेला. त्या फांदीवर गेला, तिथंही तेच. सासूबाई सारख्या म्हणत होत्या, “सरका गं बायांनो, जरा सरका.” शेवटी टोकाच्या फांदीवर त्याला जागा मिळाली तेव्हा कुठे त्यांनी जपमाळ हातात घेतली.

तोच फोटो आमच्या स्वयंपाकघरात लावला आहे. अकरा बगळे एका ओळीत, आणि टोकाला, थोडं अंतर सोडून, बारावा. बाभूळ काळोखी आहे, पण पंखांच्या कडा दिसतात.

परवा दुपारी मी वह्या तपासत बसले होते. सासूबाई बाहेरून डोकावल्या आणि म्हणाल्या, “साडेचार झाले की गं. तुझा सूर्य काही थांबायचा नाही. कणीक मी भिजवते. मात्र येताना कोथिंबीर आण, आणि त्या बाराव्याला जागा मिळाली का ते बघ.”